शॉकअप खोलताना

सोलापूरचे नातेवाईक फोनवर विचारतात, "कॅनडात नेमकं काम काय करतोस?" मी सांगतो, "गाड्या दुरुस्त करतो." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या गाड्या?" इथे माझी पंचाईत होते, कारण ज्या गाड्यांवर माझं पोट चालतं त्यांना चाकंच नसतात.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढच्या चाकाच्या जागी दोन स्की, मागच्या चाकाच्या जागी रणगाड्यासारखा फिरणारा रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन, सीट आणि हँडल. वजन सव्वादोनशे-अडीचशे किलो. मी राहतो ते सडबरी हे ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागातलं निकेलच्या खाणींचं शहर आहे. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. शहराच्या हद्दीत तीनशेहून अधिक तळी आहेत. ती गोठली की त्यांचेच रस्ते होतात. कुणी मासेमारीला निघतं, कुणी नुसतं फिरायला, तर काहींना पलीकडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरी जायचं असतं.

या गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर खोलणं, आतलं तेल आणि सील बदलणं, पुन्हा बांधणं आणि चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावून देणं, हे माझं मुख्य काम आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला शॉकअप म्हणतात. इतकी वर्षं इथे काढूनही माझ्या डोक्यात तोच शब्द येतो, म्हणून इथेही तोच वापरतो. या कामाबद्दल मराठीत लिहावंसं का वाटलं, ते पुढे सांगेन. आधी काम समजून घेऊ.

धक्का जातो कुठे?

बहुतेकांना वाटतं की धक्का स्प्रिंग खाते. स्प्रिंग धक्का खात नाही. ती तो साठवते आणि लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ वरखाली होत राहील. धक्क्याचा खरा निकाल लावतं ते आतलं तेल.

शॉकअपच्या नळीत तेल असतं. त्या तेलात एक गुळगुळीत दांडा जातो आणि दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो. पिस्टनला आरपार भोकं असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्या रचलेल्या असतात. त्यांना शिम म्हणतात. धक्का बसला की पिस्टन तेलात घुसतो. तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, चकत्या किंचित वाकतात आणि तेल घासत पलीकडे जातं. या घासण्यात धक्क्याची उष्णता होते. खडबडीत वाटेवरून जोरात आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर बाहेर उणे वीस असतानाही त्याची ऊब कळते. धक्का कुठे नाहीसा झालेला नसतो. त्याचं रूप बदललेलं असतं.

चांगल्या शॉकअपमध्ये आणखी एक गोष्ट असते. तेलाच्या मागे बंद कप्प्यात नायट्रोजन वायू भरलेला असतो आणि दोघांच्या मध्ये एक सरकता पिस्टन असतो. वायूचा दाब बहुधा २०० पीएसआयच्या घरात. मोटारसायकलच्या टायरमध्ये आपण तीसेक भरतो, त्यावरून अंदाज करा. हा दाब लागतो कशाला? पिस्टन वेगाने पुढे गेला की त्याच्या मागच्या बाजूला तेलाचा दाब एकदम पडतो आणि तिथे बुडबुडे तयार होतात. तेल दाबलं जात नाही, पण फेस दाबला जातो. एकदा फेस झाला की पिस्टन त्यातून सुरी लोण्यातून जावी तसा जातो आणि शॉकअप असून नसल्यासारखा होतो. नायट्रोजन तेलाला सतत दाबून धरतो, म्हणून बुडबुड्यांना जागा मिळत नाही. साधी हवा भरली तर तिच्याबरोबर ओलावा आणि ऑक्सिजन आत जातो. नायट्रोजन कोरडा असतो आणि तेलाला बाधत नाही.

बर्फ मऊ असतो, मग त्यावर धक्के कसले, असं वाटेल. एकाच वाटेवरून शेकडो गाड्या गेल्या की बर्फाच्या लाटा तयार होतात. गावाकडच्या मुरमाच्या रस्त्यावर ट्रक जाऊन जाऊन आडव्या पट्ट्या पडतात, तसंच. फरक इतकाच की या लाटा गुडघाभर उंचही होतात आणि थंडीने दगडासारख्या होतात. शॉकअप त्या लाटा तासन्‌तास झेलत असतो.

गॅरेजातून निघालेली गाडी

या गाडीचा जन्मही गॅरेजातला आहे. क्वेबेक प्रांतातल्या व्हाल्कूर गावात जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांनी १९२६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्वतःचं गॅरेज सुरू केलं. तेव्हा त्या भागात हिवाळ्यात गावाकडचे रस्ते बर्फाखाली जात आणि मोटारी वसंतापर्यंत उभ्या राहत. बर्फावर चालणारं वाहन करायचं त्यांनी पोरवयापासून मनावर घेतलं होतं. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बंद होते. त्याला रुग्णालयात नेता आलं नाही आणि ते मूल गेलं.

१९३७ मध्ये त्यांना दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्या मोठ्या होत्या, सात माणसं बसतील एवढ्या. आज रस्त्यावर दिसते तशी लहान गाडी, स्की-डू, आली १९५९ मध्ये. तिच्यात आजच्यासारखे शॉकअप नव्हते. पट्ट्याच्या आत स्प्रिंगवर बसवलेली छोटी चाकं आणि पुढे स्कीवर ट्रकसारखे पाटे. हादरे माणसाच्या कमरेनेच झेलायचे. पुढे वेग वाढला, तसा शॉकअप आला आणि सुधारत गेला. आता एका गाडीत बहुधा चार असतात. दोन पुढच्या स्कींवर आणि दोन मागे पट्ट्याच्या आत.

खोलायचं कसं

माझा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि पहिला बर्फ पडेपर्यंत चालतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गळत तर नाही, मग खोलायचं कशाला?" गळलं नाही तरी तेल म्हातारं होतं. सील झिजतात, त्यांचा आणि धातूचा बारीक चुरा तेलात मिसळतो, थोडा वायू निसटतो. हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं, यंदा वाटच खराब आहे, किंवा आपलं वय झालं. म्हणून नियमित चालणाऱ्या गाडीचा शॉकअप वर्षातून एकदा उघडावा, असं आम्ही सांगतो.

आधी बाहेरून स्वच्छ धुवायचा. एक खडा आत गेला तर सगळी मेहनत पाण्यात. मग स्प्रिंगवरचा ताण पूर्ण सैल करून स्प्रिंग उतरवायची. त्यानंतर डोळ्यांना चष्मा लावून वायू सोडायचा. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. वायू आत असताना झाकण फिरवलं तर आतला माल गोळीसारखा बाहेर येतो. हे वाचणारा कुणी पोऱ्या गॅरेजमध्ये असेल तर त्याच्यासाठी सांगतो: मोटारसायकलचा गॅसवाला शॉकअप कधी ड्रिल करू नकोस, कापू नकोस, त्यावर वेल्डिंग मारू नकोस.

झाकण काढून दांडा ओढला की तेल बाहेर येतं. नवं असताना ते पारदर्शक असतं. दोन-तीन हंगाम झालेलं तेल राखाडी किंवा काळं निघतं आणि त्याला करपट वास असतो. पिस्टन उघडल्यावर शिमच्या चकत्या एकेक करून तारेत ओवून ठेवायच्या, ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने. त्यांची जाडी मिलिमीटरच्या अगदी लहान हिश्शाची. एक चकती इकडची तिकडे झाली तरी गाडीचा स्वभाव बदलतो. दांडा उजेडात फिरवून बघायचा. त्यावर नखाला लागेल इतकी जरी चीर असली तरी ती नवं सील कापते. अशा दांड्यावर नवं सील बसवून देणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं.

मग नवे सील, नव्या ओ-रिंग. सरकता पिस्टन कंपनीने सांगितलेल्या खोलीवर मोजून बसवायचा, अंदाजाने नाही. तेल भरायचं आणि पिस्टन अगदी हळू वरखाली करत हवा काढायची. इथे घाई चालत नाही. बुडबुडे संपले असं वाटलं की मी शॉकअप तसाच शिकंज्यात उभा ठेवून हात धुतो आणि नमाज पढून येतो. डिसेंबरमध्ये इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. जोहर, असर आणि मगरिब, तिन्ही नमाजा कामाच्या वेळातच येतात. परत येऊन बघावं तर तेलावर आणखी चार बुडबुडे आलेले असतात. ते काढल्यावरच झाकण बंद. शेवटी नायट्रोजन भरायचा. काम नीट झालं असेल तर दाबलेला दांडा सोडल्यावर स्वतःहून, एकसारखा, न अडखळता बाहेर येतो.

माणसाप्रमाणे गाडी

बांधलेला शॉकअप हे अर्धं काम. दुसरं अर्धं म्हणजे तो चालवणाऱ्याप्रमाणे लावणं.

माझं एक गिऱ्हाईक सत्तरीचं आहे. त्यांचं घर तळ्यापलीकडे आहे. उन्हाळ्यात होडीने जातात, हिवाळ्यात स्नोमोबाइलने. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर गाडीवर बसलं की त्यांना कळा यायच्या. गाडी विकून शहरात खोली घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, विकायच्या आधी एकदा दाखवून तर बघू. चारही शॉकअप उघडले. दोघांतलं तेल काळं होतं आणि एकात वायू जवळजवळ उरलाच नव्हता.

बांधून झाल्यावर मी त्यांना पूर्ण कपड्यांत, बूट आणि हेल्मेटसकट, गाडीवर बसवलं. थंडीच्या त्या कपड्यांचंही वजन असतं. गाडीचा मागचा भाग उचलून पूर्ण ताणलेल्या स्थितीत उंची मोजली, मग ते बसल्यावर मोजली. बसल्यावर गाडी आपल्या एकूण चालीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा खाली बसायला हवी. तेवढी बसली तर खड्डा आल्यावर स्की आणि पट्टा खाली उतरून जमीन धरू शकतात. त्यांची गाडी जेमतेम बसत होती. कुणीतरी स्प्रिंगवर खूप ताण देऊन ठेवला होता. गाडी टणक केली की धक्के कमी होतील, या समजुतीने.

ताण कमी केला. मग दांडा परत येण्याचा वेग. याला रिबाउंड म्हणतात आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वेग फार असेल तर गाडी लाथ मारते. म्हणून लोक तो कमी कमी करत जातात. पण फार कमी केला तर एका लाटेत दबलेला शॉकअप दुसरी लाट येईपर्यंत उघडतच नाही. तिसऱ्या-चौथ्या लाटेला तो खालीच अडकलेला असतो आणि गाडी लाकडी पाटासारखी कडक होते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप टणक आहे. खरं तर त्याला सावरायला वेळ मिळालेला नसतो.

लावण्याचा नियम सोपा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, वाटेचा तोच तुकडा पुन्हा चालवा आणि वहीत लिहा. दांड्यावर एक रबरी रिंग सरकवून ठेवली की शॉकअप किती खोल गेला ते ती दाखवते. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीनंतर ते उतरले आणि मुलाला म्हणाले, "खोली बघायची घाई नको." ते अजून तळ्यापलीकडेच राहतात. त्यांची पाठ बरी झालेली नाही. पण घर सोडायचं की नाही हे ते आता स्वतः ठरवू शकतात, काळं झालेलं तेल त्यांच्या वतीने ठरवत नाही.

अब्बांचं गॅरेज

आता हे मराठीत का लिहिलं ते सांगतो.

विजापूर वेशीजवळ अब्बांचं गॅरेज होतं. राजदूत, चेतक, एम-८० आणि नंतर हिरो होंडा. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्येही स्प्रिंग, तेल आणि बारीक भोक, एवढंच असतं. दूधवाल्यांच्या गाड्या आल्या की अब्बा फोर्कमध्ये जरा जाड तेल टाकायचे. दुधाच्या कॅनचं ओझं असलेली गाडी ब्रेक मारल्यावर पुढे फार झुकते म्हणून. हँडल दाबायचे, सोडायचे आणि गाडी वर कशी येते ते बघायचे. मी आज रिबाउंड म्हणतो ते हेच. त्यांना हे कळत होतं, पण त्याला नाव नव्हतं, आकडा नव्हता आणि वही नव्हती. त्यामुळे त्यांच्या हाताखालचे पोरगे "उस्ताद करतात म्हणून" करायचे. त्यांतला जो हुशार होता तो शिकला. बाकीचे पाने उचलत राहिले.

आपल्या समाजात गॅरेजकडे बघायची एक नजर आहे. पोरगा शिकला नाही की त्याला गॅरेजला लावतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या थोड्या क्षेत्रांत मोठ्या प्रमाणात दिसतात त्यांत वाहन दुरुस्तीचंही नाव आहे. त्या अहवालाची चर्चा आपण शिक्षण आणि नोकऱ्यांच्या अंगाने भरपूर केली आणि ती करायलाच हवी. पण जे हजारो हात आधीच गॅरेजमध्ये आहेत त्यांच्या ज्ञानाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. शिक्षणाची दारं बंद होती म्हणून माणूस ज्या कामात गेला, ते काम बिनडोक आहे असं आपण मानून बसलो.

इथे ऑन्टारिओत हेच काम अप्रेंटिसशिपने शिकवतात. काम करताना पगार मिळतो, अधूनमधून वर्गात बसावं लागतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. वर्गात पहिल्यांदा शिमच्या चकत्यांचं चित्र बघितलं तेव्हा मला नवं काही शिकतोय असं वाटलं नाही. अब्बांच्या हातांना जे माहीत होतं त्याचं कारण कुणीतरी सांगतंय, असं वाटलं. मला ते इंग्रजीत, दुसऱ्या देशात आणि पस्तिशीत कळलं. ते त्याच पोरांना मराठीत, सोलापुरात आणि सोळाव्या वर्षी का कळू नये?

मागच्या रमजानमध्ये भाच्याचा फोन आला. बारावी झाली आहे, गाड्यांचा नाद आहे. त्याची अम्मी, म्हणजे माझी आपा, म्हणते की घरात दोन पिढ्या ग्रीसमध्ये गेल्या, आता तिसरी नको. तिचं चुकलेलं नाही. अब्बांची कंबर आणि गुडघे उकिडवं बसून बसून गेले, हे तिने घरात राहून बघितलंय. भाचा म्हणाला, "मामू, गॅरेज में लाइफ है क्या?"

मी त्याला हो किंवा नाही म्हटलं नाही. एवढं म्हणालो की आयटीआयला किंवा डिप्लोमाला प्रवेश घे. संध्याकाळी गॅरेजमध्ये जा. उस्तादांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचार आणि त्यांना सांगता आलं नाही तर स्वतः शोध. खाली बसून काम करू नकोस, टेबल बनवून घे. चष्मा लाव. आणि वही ठेव. मराठीत लिही, उर्दूत लिही, कशातही लिही.

आपाशीही बोललो. ती अजून राजी नाही. तिने एकच विचारलं, "उसकी कमर का क्या?" मी म्हणालो, टेबलाचा खर्च माझा. ती हसली नाही, पण टेबल किती उंच लागतं ते विचारलं.

गेल्या आठवड्यात भाच्याने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. एका दूधवाल्याच्या गाडीचं फोर्क. तेल किती मिलिलिटर निघालं, रंग कसा होता, नवं किती टाकलं, ब्रेक मारल्यावर गाडी किती झुकली. खाली एक प्रश्न: दोन्ही नळ्यांतलं तेल सारखं का निघालं नाही? प्रश्न चांगला आहे. मी उत्तर पाठवलेलं नाही. एका नळीचं सील आधी गेलं असेल, हे त्याला दांड्यावरची चीर बघून स्वतःलाच कळेल.